दोन एक्सेल याद्यांमधून फक्त नवीन नोंदी कशा शोधायच्या?

टाचणीवाला

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेची सभासद यादी दुसरा विभाग सांभाळतो आणि दर आठवड्याला अख्खी यादी नव्याने पाठवतो. नवीन सभासदांना स्वागतपत्र पाठवायचं काम माझ्याकडे. 'नवीन कोण तेवढे वेगळे कळवा' म्हटलं की उत्तर ठरलेलं: "यादीतच आहेत, बघून घ्या."

यादी आडनावाप्रमाणे लावलेली असते, त्यामुळे नवी नावं शेवटी न येता मधेमधे पेरलेली असतात. मागच्या फाइलमध्ये ११,९४० ओळी होत्या, या वेळी १२,०१५ आहेत. म्हणजे ७५ नवीन असायला हवेत. पण सभासद क्रमांकावर व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत शोधून माहिती आणणारं फंक्शन) लावला तर ४,३८६ ठिकाणी #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', आलं! आठवड्यात एवढे सभासद मिळत असते तर आम्ही निवडणूक लढवली असती.

हे असं का होतंय? आणि दर आठवड्याला करता येईल अशी सुटसुटीत पद्धत कोणती?

गणूमास्तर

व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स लिहिलंय ना? चौथी जागा रिकामी सोडली तर एक्सेल अंदाजे जुळणी करतं आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं. तुमची आडनावाप्रमाणे आहे, म्हणजे आनंदच.

टाचणीवाला

हो मास्तर, फॉल्स आहे. तेवढं येतं. :)

रिकामा_सेल

डोळ्यांनी बघा. आम्ही तसंच करायचो. दोन प्रिंटआउट, एक पट्टी, एक लाल पेन.

चौकटराजा

वरच्या काकांना दंडवत.

टाचणीवाला, व्हीलुकअप बाजूला ठेवा. तुम्हाला दुसऱ्या फाइलमधून काही आणायचं नाहीये, फक्त 'हा जुन्या यादीत आहे का' एवढंच विचारायचंय. दोन्ही याद्या एकाच वर्कबुकमध्ये 'जुनी' आणि 'नवी' अशा शीटवर घ्या. नवीच्या शेवटच्या रिकाम्या कॉलममध्ये:

=काउंटइफ(जुनी!ए:ए, ए२)

तो क्रमांक जुनीत किती वेळा आहे ते हे मोजतं. खालपर्यंत ओढा आणि फिल्टरने शून्यवाले वेगळे काढा. तेच नवीन. (फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, सेलमध्ये रोमन लिपीतच टाका. नाहीतर उद्या माझ्या नावाने बोंब.)

टाचणीवाला

चौकटराजा, चमत्कार! शून्यवाले फक्त ११२ निघाले. पण आता डोक्याला नवा ताप: ७५ का नाहीत? आणि तोच क्रमांक, त्याच दोन याद्या, तर व्हीलुकअप ४,३८६ म्हणतो आणि काउंटइफ ११२, हे कसं?

सांख्यिकीण

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ७५ हा दोन फाइलच्या ओळींमधला फरक, नवीन नोंदींचा आकडा नव्हे. जुन्या यादीतले काही जण गळाले असणार. हाच फॉर्म्युला उलट लावा, म्हणजे जुनी शीटमध्ये बसून नवीमध्ये शोधा. गळालेले ३७ निघायला हवेत. ११,९४० वजा ३७ अधिक ११२ बरोबर १२,०१५.

हा ताळा दर वेळी करा. तो जुळला नाही तर कुणाला पत्र पाठवायच्या आधी थांबा.

टाचणीवाला

३७च निघाले!! ताई, तुम्ही फाइल न बघता सांगितलंत.

फॉर्म्युलाफकीर

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नव्या फाइलमधला सभासद क्रमांकाचा कॉलम रुंद करून बघा. काही क्रमांक सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतील, काही उजव्या. (आधी अलाइनमेंट काढून टाका. कुणी सगळं मधोमध आणून ठेवलं असेल तर काहीच कळणार नाही.) डावीकडचे टेक्स्ट, उजवीकडचे आकडे. जुन्या फाइलमध्ये मात्र सगळेच डावीकडे असतील, आणि बऱ्याच सेलच्या कोपऱ्यात बारका हिरवा त्रिकोण.

व्हीलुकअप आणि मॅच यांच्या लेखी टेक्स्टमधला ४५१२ आणि आकडा ४५१२ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काउंटइफ मात्र दोन्ही एकच मानतं. ज्यांचे क्रमांक निव्वळ अंकी आहेत ते व्हीलुकअपला 'नवीन' वाटले, ज्यांच्यात अक्षर आहे ते नीट जुळले. माझा अंदाज, या वेळी त्या विभागाने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) पाठवली असणार आणि तुम्ही ती डबल क्लिक करून उघडली असणार.

आता 'काउंटइफ चांगलं, व्हीलुकअप वाईट' असं समजू नका. काउंटइफचा हा मोकळेपणा अंगाशीही येतो. ००४५१२ आणि ४५१२ हे दोन वेगळे सभासद असतील तर काउंटइफ त्यांना एकच धरेल, आणि एक खराखुरा नवीन माणूस गुपचूप जुना ठरेल. एक्सेलला आकड्याचे १५च अंक नीट सांभाळता येतात, आणि काउंटइफ अंकी टेक्स्टलाही आकडाच समजतं. त्यामुळे १८ अंकी बारकोडमधले पहिले १५ सारखे असले की शेवटचे तीन काहीही असोत, त्याच्या दृष्टीने तो एकच माल.

व्हीलुकअपने तुम्हाला आरडाओरडा करून सांगितलं की काहीतरी गडबड आहे. काउंटइफ गप्प बसतं. मला आरडाओरडा करणारा बरा वाटतो.

टाचणीवाला

फकीरबाबा, तंतोतंत! सीएसव्हीच होती. आणि काही जुने क्रमांक ००ने सुरू होतात, ती शून्यं नव्या फाइलमध्ये गायब आहेत.

चौकटराजा

मग ती ११२ पत्रं लगेच पाठवू नका. सीएसव्ही डबल क्लिकने न उघडता डेटा टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने आणा आणि क्रमांकाच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. ते विचारेल की आधीचा प्रकार बदलायचा की नवी पायरी वाढवायची. तिथे 'रिप्लेस करंट' निवडा. नवी पायरी घेतलीत तर शून्यं आधीच गेलेली असतात.

नकटी_फाइल

सीएसव्ही डबल क्लिकने उघडणं हा दंडनीय अपराध व्हायला हवा.

अवांतर: जनुकांच्या नावांचा किस्सा माहितीये ना? मार्च१, सेप्ट१ अशी नावं एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचंच बारसं पुन्हा केलं. तेव्हा एक्सेल बदललं नाही, माणसाची जनुकं बदलली.

रिकामा_सेल

लाल पेनाने कधी जनुकं बदलली नाहीत. एवढंच बोलतो.

पिव्होटपंत

मंडळी, दर आठवड्याला फॉर्म्युले ओढत बसण्यापेक्षा पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायचं, जोडायचं एक्सेलमधलं साधन) का वापरत नाही? एक्सेल २०१६पासून आत बसवलेलीच आहे. दोन्ही याद्या क्वेरी म्हणून घ्या, मग मर्ज. नवी यादी वर, जुनी खाली, दोन्हीकडे सभासद क्रमांकाचा कॉलम निवडा आणि जॉइनचा प्रकार 'लेफ्ट अँटी' ठेवा. त्याचा अर्थ फक्त पहिल्या यादीत असलेल्या ओळी. ओके केलं की फक्त नवीन सभासद, सगळ्या कॉलमसकट. पुढच्या आठवड्यात त्याच नावाने फाइली बदला आणि 'रिफ्रेश ऑल' दाबा. संपलं.

चौकटराजा

पंत, 'संपलं' म्हणू नका हो. पॉवर क्वेरी लहान-मोठ्या लिपीत फरक करते, साधे फॉर्म्युले करत नाहीत. रोमन लिपीतला छोटा 'एम' आणि मोठा 'एम' तिच्यासाठी दोन वेगळे सभासद. शेवटी एक फालतू स्पेस असली तरी वेगळा.

पिव्होटपंत

मर्जच्या आधी दोन्हीकडे ट्रिम आणि अपरकेस अशा दोन पायऱ्या घाला. एकदाच घालायच्या, नंतर रिफ्रेशबरोबर आपोआप चालतात. फॉर्म्युल्यात हे दर वेळी आठवावं लागतं.

फॉर्म्युलाफकीर

ट्रिमवर फार विसंबू नका. वेबपेजवरून चिकटवलेल्या डेटात नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, कॅरॅक्टर क्रमांक १६०. एक्सेलचं ट्रिम तिला हात लावत नाही आणि क्लीन फक्त ० ते ३१ हे कोड काढतं. तिच्यासाठी सब्स्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), "") असं वेगळं करावं लागतं. संशय आला की दोन्ही सेलवर लेन लावा. सारख्या दिसणाऱ्या दोन क्रमांकांची लांबी ६ आणि ७ आली की चोर सापडला.

अनुस्वार

यादीत नावं मराठीत असतील आणि जुळणी नावावर करणार असाल तर याहून मोठा खड्डा आहे. 'कुऱ्हाडे'मधला अर्धा र एक जण नुक्तावाल्या ऱ ला हलन्त जोडून टाइप करतो, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारी खूण) टाकतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण अक्षरशः जुळणी करणाऱ्या साधनाला वेगळे. ॲड. वगैरेमधल्या 'ॲ'चंही तेच. युनिकोडमध्ये त्याचं स्वतंत्र अक्षर आहे, पण अनेक जण अजून अ ला चंद्र जोडतात. म्हणून नावावर जुळणी नकोच. क्रमांक असेल तर क्रमांकच.

नवखी_नोंद

पण क्रमांकच नसेल तर? माझ्याकडे शिबिराला येणाऱ्यांची यादी असते, नाव, जन्मतारीख, मोबाइल एवढंच. मी तिन्ही जोडून एक कॉलम करते.

सांख्यिकीण

जोडताना मधे खूण ठेवा, उभी रेघ वगैरे. नुसतं जोडलं तर १ आणि २३ मिळूनही १२३ होतं, १२ आणि ३ मिळूनही १२३.

तारखेकडेही लक्ष असू द्या. ती खरी तारीख असेल तर जोडल्यावर तिचा आतला आकडा (एक्सेलची दिवसांची मोजणी) येतो, १ जानेवारी २०००चा ३६५२६. दुसऱ्या फाइलमध्ये तीच तारीख टेक्स्ट असेल तर काहीच जुळणार नाही. दोन्हीकडे टेक्स्ट फंक्शनने एकाच साच्यात आणा. आणि एखादी फाइल १९०४ची तारीखपद्धत वापरत असेल (जुन्या मॅकवरच्या फाइलींमध्ये असते) तर आतले आकडे १,४६२ने मागेपुढे असतात. तेव्हा सगळंच्या सगळं नवीन दिसेल.

आणखी एक. मोबाइल बदलला की तोच माणूस तुमच्या पद्धतीत 'नवीन'मध्येही येईल आणि 'गळालेल्या'मध्येही. म्हणून दोन्ही याद्या निघाल्यावर त्या एकमेकींसमोर ठेवून फक्त नाव आणि जन्मतारखेवर पुन्हा जुळवा. जे दोन्हीकडे सापडतील ते बदललेले, उरलेले खरे नवीन. याद्या तोवर छोट्या झालेल्या असतात, त्यामुळे डोळ्यांनीही होतं.

रिकामा_सेल

आलात ना शेवटी डोळ्यांवर!

सांख्यिकीण

काका, बारा हजारांवर नाही, दीडशेवर. :)

पिव्होटपंत

याच कामाला पॉवर क्वेरीत फझी मर्ज आहे. स्पेलिंग थोडं इकडेतिकडे असलं तरी जुळवते. साम्याची मर्यादा मुळात ०.८ असते, ती वाढवता येते.

फॉर्म्युलाफकीर

पंत, फझीने जुळ्या भावंडांची नावं जुळवून एकाला यादीतून उडवलेलं बघितलंय. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीख तीच, पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. फझीने फक्त संशयित दाखवावेत, निकाल माणसाने द्यावा.

पिव्होटपंत

जुळ्यांचं मान्य. बाकी नाही. स्पेलिंगच्या चुका जुळ्यांपेक्षा फार जास्त असतात, आणि त्या सगळ्या हाताने तपासायला तुम्ही येणार आहात का?

काळापडदा

इतका वेळ वाचतोय आणि हसतोय. दोन्ही फाइली टेक्स्ट करून सॉर्ट करा आणि युनिक्सच्या कॉम कमांडला (दोन सॉर्ट केलेल्या फाइली ताडणारी) -१३ देऊन जुनी, नवी या क्रमाने द्या. फक्त नव्यातल्या ओळी समोर. बेल लॅब्समध्ये डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारा प्रोग्रॅम) तयार झालं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. घरगुती संगणकावरची पहिली स्प्रेडशीट व्हिजिकॅल्क आली १९७९मध्ये. म्हणजे तुमचा प्रश्न जन्मायच्या आधीच सुटलेला होता.

नकटी_फाइल

आणि ओळीतला पत्ता बदलला की ती अख्खी ओळ नवीन. सुटलेला म्हणे.

काळापडदा

मग कट कमांडने पहिला कॉलम वेगळा काढून त्यावर चालवा. हाकानाका.

टाचणीवाला

काळापडदा, आमच्याकडे काहीही इन्स्टॉल करायला परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत यादीतले निम्मे सभासद निवृत्त होतील. एक्सेलमध्येच राहू द्या.

गणूमास्तर

ऑफिसच्या काही मोठ्या आवृत्त्यांबरोबर 'स्प्रेडशीट कंपेअर' नावाचा वेगळा प्रोग्रॅम येतो ना? दोन फाइली दिल्या की फरक रंगवून दाखवतो. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही कंपेअर डॉक्युमेंट आहे.

फॉर्म्युलाफकीर

मास्तर, ती साधनं वेगळ्या प्रश्नाची आहेत. एखाद्या बजेट शीटमध्ये कुणी कुठला फॉर्म्युला हलवला हे शोधायला उत्तम. ती सेलशी सेल ताडून बघतात. इथे नोंदी वरखाली सरकल्यात, त्यामुळे पान रंगपंचमी खेळल्यासारखं दिसेल. गुगल शीट्सच्या व्हर्जन हिस्टरीचंही तेच. कुणी एकदा सॉर्ट केलं की सगळंच बदललेलं. सेल कुठला बदलला आणि नोंद कुठली वाढली यांत गल्लत केली की साधन चुकीचं निवडलं जातं.

बिनकामाचा

हे सगळं करण्यापेक्षा त्या विभागाला 'नोंदणीची तारीख' असा एक कॉलम वाढवायला सांगा आणि त्यावर फिल्टर लावा. तुम्ही सगळे मूळ रोग सोडून औषधं वाटताय.

चौकटराजा

+१. सांगून बघायला हरकत नाही.

सांख्यिकीण

-१. नोंदणीची तारीख म्हणजे फॉर्म भरल्याची की यादीत चढवल्याची? मागच्या महिन्यात भरलेला फॉर्म कुणी आज चढवला आणि जुनीच तारीख टाकली, तर तुमचा फिल्टर त्याला कधीच दाखवणार नाही. यंत्राने आपोआप टाकलेली तारीख असेल तर ठीक. हाताने भरलेली असेल तर मी दोन याद्या ताडून बघण्यावरच विश्वास ठेवीन.

बिनकामाचा

मान्य. नाव सार्थ करून जातो.

नकटी_फाइल

फाइल पूर्ण आलीये का हेही आधी बघा. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या होत्या, कारण डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये घेतला जात होता. तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. एरवी 'नवीन नोंद नाही' असं उत्तर आलं की आपण खूश होतो, पण शेपूटच कापलं गेलेलं असू शकतं.

टाचणीवाला

पॉवर क्वेरी करून बघितली. फाइल टेक्स्ट म्हणून आणली, ट्रिम आणि अपरकेसही घातलं. आता ११४ नवीन आणि ३९ गळालेले. ताळा जुळतो. काउंटइफमध्ये न दिसलेले दोन नवीन सापडले. दोघांच्याही क्रमांकांपुढे शून्यं होती, आणि तेच क्रमांक बिनशून्याचे असलेले दोन जुने सभासद याच आठवड्यात गळालेत.

फॉर्म्युलाफकीर

गळालेले दोन आणि नवीन दोन, अंक तेच? मग ही चार माणसं की दोन? त्यांची नावं बघा. कुणीतरी जुन्या क्रमांकांना शून्यं लावून 'दुरुस्ती' केली असण्याचीच शक्यता जास्त.

टाचणीवाला

अरे देवा. बघतो.

...

बघितलं. एक तोच माणूस आहे, फक्त क्रमांकाला शून्यं लागलीत. दुसरा खरोखर वेगळा. म्हणजे ११३ पत्रं.

पिव्होटपंत

म्हणजे मी पण बरोबर, फकीर पण बरोबर. ऐतिहासिक क्षण.

नवखी_नोंद

एक शेवटचा प्रश्न. एकाच माणसाच्या अनेक नोंदी असतील तर? म्हणजे वर्गणीची यादी, क्रमांक तोच, दर महिन्याला एक ओळ वाढते. तिथे 'जुन्यात आहे का'चं उत्तर कायम हो.

चौकटराजा

तिथे प्रत्येक ओळीला त्या क्रमांकाची कितवी नोंद हे लावून घ्या. =काउंटइफ($ए$२:ए२, ए२) खालपर्यंत ओढलं की १, २, ३ असे आकडे पडतात. मग क्रमांक, उभी रेघ आणि हा आकडा जोडून दोन्ही याद्यांत तेच करा आणि त्या जोडलेल्या कॉलमवर जुळवा. जुन्यात तीन नोंदी आणि नव्यात चार असतील तर चौथी सुटी निघते. मात्र आधी दोन्ही याद्या क्रमांक आणि तारखेप्रमाणे सारख्याच लावा, नाहीतर भलतीच ओळ चौथी ठरेल.

काळापडदा

कॉम हे आपोआप करतं. एक ओळ जुन्यात तीनदा आणि नव्यात चारदा असेल तर चौथी दाखवतं. बोलू का नको असं झालं होतं.

नवखी_नोंद

धन्यवाद चौकटराजा. माझं सगळं गुगल शीट्सवर आहे, तिथे हेच चालेल ना? दोन वेगळ्या फाइली आहेत.

चौकटराजा

चालेल. जुनी फाइल इम्पोर्टरेंजने नव्या फाइलच्या एका शीटवर ओढून घ्या. पहिल्यांदा रेफ एरर येईल, सेलवर गेलात की 'अलाउ ॲक्सेस'चं बटण दिसेल, ते दाबा. मग तिसऱ्या शीटवर एकच फॉर्म्युला:

=फिल्टर(नवी!ए२:डी, नवी!ए२:ए<>"", काउंटइफ(जुनी!ए२:ए, नवी!ए२:ए)=०)

ओढायची गरज नाही, खाली आपोआप पसरतो. ए कॉलममध्ये तो जोडलेला क्रमांक असू द्या. मधे उभी रेघ असल्यामुळे तो टेक्स्टच राहील, शून्यांची भानगड नाही.

नवखी_नोंद

बटण दाबलं. १९ ओळी आल्या, एक रिकामीच दिसतेय.

चौकटराजा

तिच्या ए कॉलमवर लेन लावून बघा. क्रमांक भरलेला नसताना जोडणीतून नुसती रेघ उरली असणार.